श्वासावाटे घ्यायचे औषध : झानामिविरचा इतिहास

सर्दीपडसे औषध घेतले तर सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर आठवड्यात, असे आपण गमतीने म्हणतो. फ्लूच्या बाबतीत ही गंमत पुष्कळ वर्षे जवळजवळ खरी होती. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात. फ्लू होतो विषाणूमुळे. १९६० च्या दशकात आलेले अमँटाडीन फक्त ‘ए’ प्रकारच्या फ्लूवर उपयोगी पडे आणि विषाणू लवकरच त्याला दाद देईनासा होई. ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही प्रकारांवर चालणारे झानामिविर १९९९ मध्ये वापरात आले. ते पोटात घ्यायच्या गोळीच्या रूपात मिळत नाही. त्याची कोरडी पूड श्वासाबरोबर आत ओढावी लागते आणि ती घेताना काही पथ्ये काटेकोरपणे पाळावी लागतात. असे का? याचे उत्तर या औषधाच्या रेणूत आहे, आणि तो रेणू घडवण्यामागे सुमारे अर्ध्या शतकाचे संशोधन आहे.

गुठळ्या झाल्या आणि सुटल्या

माणसातील फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडन येथे स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या साहाय्याने वेगळा केला. पुढे हा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वाढवता येऊ लागला. १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट यांना दिसले, की अशा अंड्यातील द्रवात कोंबडीच्या लाल रक्तपेशी मिसळल्या, की त्यांच्या गुठळ्या होतात. विषाणू पेशींना चिकटून त्यांना एकमेकींशी जोडत होता. पण हे मिश्रण शरीराच्या तापमानाला ठेवले, की थोड्या वेळाने गुठळ्या सुटत आणि विषाणू मोकळा होई. त्याच पेशींमध्ये ताजा विषाणू घातला, तरी पुन्हा गुठळ्या होत नसत. म्हणजे पेशींवरची चिकटण्याची जागाच नाहीशी झाली होती. विषाणूजवळ ती जागा कापून टाकणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

या विकराचे काम पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे मॅकफार्लेन बर्नेट आणि आल्फ्रेड गॉटशाल्क यांनी नेटाने चालवले. पेशीवरच्या साखळीच्या टोकाशी सायॅलिक आम्ल नावाची एक शर्करा असते आणि विकर नेमकी तीच कापते, हे १९५० च्या दशकात स्पष्ट झाले. या विकराचे नाव न्यूरामिनिडेज. एच१एन१ या नावातला ‘एन’ तो हाच. ‘एच’ म्हणजे चिकटण्याचे काम करणारे हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन.

विषाणूला या कात्रीची गरज का भासावी? तो पेशीत शिरतो सायॅलिक आम्लाला धरून. आत त्याच्या असंख्य प्रती तयार होतात, पण बाहेर पडताना त्या याच शर्करेला चिकटून बसू शकतात. आत येताना ज्या खुंटीचा आधार घेतला, तिच्यातच बाहेर पडताना सदरा अडकावा, तसा हा प्रकार. न्यूरामिनिडेज ही खुंटी कापते आणि नव्या विषाणूंची वाट मोकळी करते. ही कात्री बोथट करता आली, तर विषाणू जागच्या जागी अडकेल, हे उघड होते. बर्नेट यांनी १९४८ मध्येच हा विचार मांडला होता.

खोबणीचा नकाशा

विचार सुचणे वेगळे आणि औषध हाती येणे वेगळे. १९६९ मध्ये व्हिएन्नातील माइंडल आणि टुप्पी यांनी सायॅलिक आम्लासारखा दिसणारा एक रेणू बनवला. तो काचपात्रात विकराला थोडाफार अडवी, पण संसर्ग झालेल्या प्राण्यांमध्ये त्याचा उपयोग झाला नाही. त्यात नेमकी काय सुधारणा करावी हे कळायला मार्ग नव्हता, कारण विकराचा आकारच ठाऊक नव्हता.

कॅनबेरा येथील ग्रॅम लेव्हर यांनी न्यूरामिनिडेजचे स्फटिक मिळवले आणि मेलबर्नमध्ये पीटर कोलमन व जोस व्हर्गीस यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची त्रिमितीय रचना उलगडली. ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. विकराच्या प्रत्येक घटकावर एक खोल खोबण होती आणि तीत सायॅलिक आम्ल बसत होते. खोबणीबाहेरची अमिनो आम्ले विषाणूच्या वाणागणिक बदलत, पण खोबणीच्या आतली सर्व वाणांत जवळजवळ सारखीच होती. त्यांत बदल झाला, तर कात्रीच चालेनाशी होते. फ्लूची लस वरचेवर का बदलावी लागते आणि या एका जागी मात्र टिकाऊ औषधाची आशा का होती, हे विद्यार्थ्यांना येथे एकाच वेळी समजावून देता येईल.

मेलबर्नच्याच औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मार्क फॉन इट्झस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खोबण संगणकावर तपासली. जुन्या रेणूतील एका हायड्रॉक्सिल गटाजवळ मोकळी जागा होती आणि तिच्याभोवती ऋणभारित ग्लुटामिक आम्ले होती. तेथे धनभारित ग्वानिडीन गट बसवल्यावर रेणूची पकड हजारो पटींनी वाढली. हे संशोधन १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. तोच झानामिविर.

विद्युतभाराची किंमत

ज्या भारामुळे पकड घट्ट झाली, त्यानेच एक अडचण उभी केली. भारित रेणू पाण्यात सहज विरघळतो, पण पेशीपटलातील स्निग्ध थर ओलांडू शकत नाही. त्यामुळे झानामिविर गिळले, तर आतड्यातून शेकडा पाच भागही रक्तात जात नाहीत. मग ते थेट जेथे विषाणू वाढतो त्या श्वासमार्गातच पोचवायचे ठरले. एका पुडीत ५ मिलिग्रॅम औषध आणि त्याला वाहून नेणारी २० मिलिग्रॅम दुग्धशर्करा असते. उपचारासाठी एका वेळी दोन पुड्या, दिवसातून दोनदा, पाच दिवस घेतात. म्हणजे सगळे मिळून औषध फक्त १०० मिलिग्रॅम, आणि त्यातलाही बराचसा भाग तोंडात व घशातच राहतो. म्हणून साधन कसे धरावे आणि श्वास कसा ओढावा, हे रुग्णाला प्रत्यक्ष करून दाखवणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

औषध ४८ तासांच्या आत सुरू करायला सांगतात, त्याचेही कारण आता लक्षात येईल. झानामिविर विषाणूला मारत नाही, त्याचा प्रसार अडवते. प्रसार होऊन गेल्यावर वाट अडवून फारसा लाभ नाही. वेळेवर घेतले तरी लाभ माफकच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने फेब्रुवारी १९९९ मध्ये १३ विरुद्ध ४ मतांनी प्रतिकूल कौल दिला होता. प्रशासनाने तरीही जुलैत मान्यता दिली. २०१४ मधील कॉक्रेन आढाव्यानुसार प्रौढांमध्ये या औषधामुळे लक्षणे सुमारे १४ तास आधी कमी होतात.

माफक लाभासमोर धोका तोलावाच लागतो. सुजलेल्या श्वासनलिकेत कोरडी पूड गेली, की नलिका आकसू शकते. काही रुग्णांना असा त्रास झाल्यावर जानेवारी २००० मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने डॉक्टरांना सावध केले. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असणाऱ्यांना हे औषध सहसा देत नाहीत. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेच, तर श्वासनलिका रुंदावणारा ‘पंप’ आधी वापरायचा आणि हाताशी ठेवायचा. धाप लागली, तर औषध थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे जायचे. दुग्धशर्करेत दुधातील प्रथिनांचा अंश असतो, म्हणून त्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांना हे औषध वर्ज्य आहे. दूध न पचणे ही निराळी गोष्ट. दोहोंची गल्लत करू नये.

२००९ च्या जागतिक साथीत आणखी एक धडा मिळाला. ऑगस्टमध्ये पुण्यात भारतातील पहिला मृत्यू नोंदला गेला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या, ती हीच साथ. आपल्याकडे तेव्हा मुख्यतः ऑसेल्टामिविर हे तोंडाने घ्यायचे औषध वापरले गेले. परदेशात मात्र व्हेंटिलेटरवरील एका रुग्णाला झानामिविरची पूड पाण्यात विरघळवून यंत्रातून देण्यात आली. दुग्धशर्करेमुळे यंत्राचे काम अडले आणि रुग्ण दगावला. ही पूड विरघळवून नेब्युलायझर वा व्हेंटिलेटरमधून देऊ नये, असा इशारा त्याच ऑक्टोबरमध्ये देण्यात आला. ज्यांना श्वास ओढणे शक्य नाही अशा अत्यवस्थ रुग्णांसाठी शिरेतून द्यायचे झानामिविर युरोपात २०१९ मध्ये मान्य झाले.

श्वासावाटे घेण्याची कटकट असूनही या रेणूचे महत्त्व टिकून आहे. २००७-०८ पासून मोसमी एच१एन१ विषाणूचा एक वाण ऑसेल्टामिविरला दाद देईनासा झाला आणि वर्षभरात जगभर पसरला. झानामिविर त्यावर चालत राहिले. ऑसेल्टामिविर बसण्यासाठी खोबणीला आपला आकार थोडा बदलावा लागतो आणि नव्या वाणात तो बदल होत नव्हता. झानामिविर मात्र मूळ शर्करेसारखेच बसते. त्याला वाट बंद करायची, तर विषाणूला स्वतःची कात्रीही बऱ्याच अंशी निकामी करावी लागते.

ही हकिगत वर्गात सांगताना औषधाच्या वेष्टनावरील सूचनांपासून सुरुवात करता येईल. दोनच दिवसांची मुदत का, गोळी का नाही, दम्याच्या रुग्णाला मनाई का, पाण्यात का विरघळवायचे नाही, हे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. विषाणूची कात्री, रेणूवरचा भार आणि सोबतची दुग्धशर्करा एवढ्या माहितीवर विद्यार्थ्यांना चारही उत्तरे स्वतः शोधता येतात. औषध द्यायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतील, पण अशी कारणे समजलेला मुलगा किंवा मुलगी घरच्या आजारी माणसाला ते भलत्या रीतीने घेऊ देणार नाही.