जुन्या रूपाची मोटरसायकल आणि उपनगरी कसोटी

दीड-पावणेदोन लाखांत मिळणाऱ्या, दिसायला पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या आणि आतून आजच्या अशा मोटरसायकली आता अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या दोन्ही पट्ट्यांतल्या सोसायट्यांच्या आवारांत हमखास दिसतात. गोल हेडलाइट, पाण्याच्या थेंबासारखी टाकी, सपाट सीट आणि थोडं क्रोम हा त्यांचा साचा. कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी यांत काहीतरी सुधारतात आणि प्रत्येक सुधारणेवर मालकांची दोन मतं पडतात. या मतभेदाचा नेहमीचा खुलासा असा की एका बाजूला जुन्यात रमणारे आहेत आणि दुसऱ्या बाजूला नव्याची हौस असणारे. मुंबईच्या उपनगरांतला दुचाकीचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर हा खुलासा अपुरा ठरतो. इथल्या मालकाने सुधारणेला होकार किंवा नकार देताना बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला आहे: गाडी बंद पडली तर ती जवळच्या माणसाच्या हातून, परवडेल त्या पैशांत, शक्यतो त्याच दिवशी चालू होईल का? ज्या सुधारणेने या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं ती टिकली, मग तिने जुनं रूप थोडं बिघडवलं तरी चाललं. जिने ‘नाही’ म्हटलं तिच्याविषयीची नाराजी वर्षानुवर्षं टिकून राहिली.

ही कसोटी इथेच का रुजली, याचं उत्तर उपनगरांच्या औद्योगिक भूगोलात आहे. ब्रिटनच्या रूट्स समूहाने १९४९ मध्ये मुंबईत ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ही कंपनी काढली. पुढे ती मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्या समूहाकडे गेली. तिच्या भांडुपच्या कारखान्यात इटलीच्या इनोसेंटी कंपनीच्या परवान्यावर लँब्रेटा स्कूटर बनत, शिवाय क्लच आणि ब्रेकचे भागही. कुर्ल्याला वालचंद समूहाचा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटार कारखाना होता, कांदिवलीला महिंद्रांचा. या कारखान्यांनी पूर्व आणि पश्चिम उपनगरांत फिटर, टर्नर, वेल्डर यांची मोठी वस्ती उभी केली. त्याच काळात परवाना पद्धतीमुळे स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नाव नोंदवून थांबावं लागे आणि हाती आलेली गाडी दोन दशकं चालवायची हे गृहीतच असे. मॉडेलही फारसं बदलत नसे. लँब्रेटाचं ‘एलआय १५०’ हे रूप युरोपात जुनं झाल्यावरही भारतात बनत राहिलं. म्हणजे मिस्त्रीने एकदा इंजिन शिकून घेतलं की त्याची विद्या वीस वर्षं पुरे. ग्राहकाच्या दृष्टीने ही कोंडी होती, पण तिच्यातूनच घराजवळच्या गॅरेजचा भक्कम धंदा उभा राहिला. रिंगा बदलणं, बोअर करून घेणं, क्लच प्लेट टाकणं ही कामं कंपनीच्या दारात न जाता होऊ लागली.

जावा आणि येझदीची कथा या कसोटीचा पहिला ठळक पुरावा देते. १९५० च्या दशकात रुस्तम आणि फारुख इराणी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटरसायकली भारतात आणत. आयातीवर निर्बंध आल्यावर त्यांनी परवाना मिळवून म्हैसूरला ‘आयडियल जावा’ उभारली. १९६१ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं आणि १९७३ पासून गाडीवर ‘येझदी’ हे नाव आलं. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये मापाने मिसळायचं ऑइल, गिअर आणि किक या दोहोंसाठी एकच दांडा, अशी तिची रचना होती. कंपनीने ‘ऑइल किंग’ या मॉडेलमध्ये ऑइल वेगळ्या पंपाने आपोआप मिसळण्याची सोय दिली. कागदावर ती निर्विवाद सुधारणा होती: मापाची कटकट नाही, धूर कमी. पण पंपाने दगा दिला तर चालकाला कळायच्या आत पिस्टन जाम होण्याची भीती होती, तर हाताने मिसळलेल्या ऑइलची खात्री डोळ्यांसमोर असे. हे मॉडेल फार काळ चाललं नाही. उलट, येझदी जपणाऱ्या अनेकांनी सहा व्होल्टचं वायरिंग काढून बारा व्होल्ट केलं आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तेही कंपनीने सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःच्या खर्चाने. पॉइंट घासून, गॅप लावून द्यायचं काम त्यामुळे संपलं, आणि नवा डबा बिघडला तर तो काढून दुसरा लावणं कुणालाही जमण्यासारखं होतं. एकाच गाडीच्या मालकांनी एक सुधारणा नाकारली आणि दुसरी ओढून आणली. हा फरक जुन्या-नव्याच्या आवडीने समजावता येत नाही.

रॉयल एनफील्डच्या बुलेटच्या बाबतीत हाच न्याय अधिक गुंतागुंतीने दिसतो. मद्रासला १९५५ पासून बनणाऱ्या या गाडीचा गिअर अनेक दशकं उजव्या पायाकडे आणि ब्रेक डाव्या पायाकडे होता. २००० नंतर तो डावीकडे गेला तेव्हा जुन्या मालकांनी जोरदार नाराजी दाखवली. तरी बाकी सगळ्या गाड्यांचा गिअर डावीकडे असताना एकाच घरात दोन पद्धती बाळगणं धोक्याचं होतं, त्यामुळे ती नाराजी ओसरली. २००८ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात आले, हायड्रॉलिक टॅपेट आले आणि टॅपेट सेट करण्याचं नेहमीचं काम गेलं. या बदलावर सर्वांत मोठा आरडाओरडा आवाजावरून झाला, की जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची ती ‘धडधड’ राहिली नाही. पण त्यानंतरच्या काही वर्षांतच कंपनीची विक्री कित्येक पटींनी वाढली. आवाजाचं दुःख खरं असेल, पण तेल न गळणारं, दर महिन्याला हात न लावावं लागणारं इंजिन त्याहून जास्त मोलाचं ठरलं. सेल्फ स्टार्टला तर विरोध झालाच नाही म्हटलं तरी चालेल, कारण शेजारी किक होतीच. २०२१ मध्ये नव्या इंजिनाची ‘क्लासिक ३५०’ किकशिवाय आली, तेव्हा मात्र कुरकुर झाली. बॅटरी उतरली की काय करायचं, हा त्या कुरकुरीतला प्रश्न होता. बटण आलं याबद्दल तक्रार नव्हती, पर्यायी मार्ग गेला याबद्दल होती.

यावर कुणी म्हणेल, की तरीही या गाड्या विकत घेतल्या जातात त्या आठवणींसाठीच. तसं नसतं तर तेवढ्याच पैशांत अधिक वेगाची गाडी मिळत असताना लोक गोल हेडलाइटमागे का धावतील? खरेदीच्या क्षणापुरतं हे मान्य करायला हरकत नाही. पण भावना गाडीला बाजारात आणते, टिकवत नाही. बजाजने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणलेली ‘व्ही १५’ हे याचं उत्तम उदाहरण. १९९७ मध्ये सेवानिवृत्त झालेली, मुंबईत अनेक वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिलेली आणि २०१४ मध्ये इथेच तोडली गेलेली ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका. तिचं पोलाद वितळवून या गाडीच्या टाकीत वापरलं होतं. दीडशे सीसी, साठ-बासष्ट हजारांची किंमत, मागच्या सीटवर काढता-घालता येणारं झाकण, आणि पोटात देशाभिमानाची एवढी मोठी गोष्ट. २०१८ च्या शेवटी तिची ताकदही थोडी वाढवली गेली. तरी ‘बीएस ६’ या प्रदूषण-निकषाच्या टप्प्यावर ती मागे पडली. आठवणच निर्णायक असती तर मुंबईत तिच्याइतकं भांडवल दुसऱ्या कोणत्याच गाडीकडे नव्हतं. चाकांचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. जुन्या रूपाला तारांची चाकं शोभतात, पण त्यांत सहसा ट्यूब लागते. रात्री अकराला पूर्व द्रुतगती मार्गावर पंक्चर झालं तर चाक खोलून ट्यूब काढणारा माणूस शोधावा लागतो. अलॉय चाकाचा ट्यूबलेस टायर तिथल्या तिथे दहा मिनिटांत निघतो. पुनरुज्जीवित जावाच्या ‘फोर्टी टू’ला २०२१ मध्ये अलॉय चाकं आली, रॉयल एनफील्डच्या हंटरच्या वरच्या प्रतींना ती पहिल्यापासून आहेत. शुद्ध जुनेपणाच्या दृष्टीने ही तडजोड आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्याने ती आनंदाने केली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुरक्षेची सुधारणा मालकाच्या किंवा मिस्त्रीच्या मर्जीवर सोडता येईल का? येत नाही, आणि सोडूही नये. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं ते कायद्याने, आणि योग्यच झालं. पण मालक त्याच्या विरोधात होते असं मानण्याचं कारण नाही. महिंद्रा, अनुपम थरेजा आणि रुस्तम इराणींचे चिरंजीव, उपनगरांत मोठ्या वसाहती उभारणारे बोमन इराणी यांनी मिळून पुनरुज्जीवित केलेली जावा १५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईतच सादर झाली. तेव्हा तिला फक्त पुढच्या चाकाला एबीएस आणि मागे ड्रम ब्रेक होता. टीका झाली, आणि थोड्याच आठवड्यांत कंपनीने दोन्ही चाकांना एबीएस आणि मागे डिस्क असलेली प्रत सुमारे नऊ हजार जास्त घेऊन देऊ केली. इथे जुन्या रूपाच्या गाडीचे ग्राहकच अधिक इलेक्ट्रॉनिक्स मागत होते. २०२२ मध्ये दीड लाखापासून आलेल्या हंटरचंही तसंच. तिच्या कडक मागच्या सस्पेन्शनबद्दल खड्ड्यांच्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांची तक्रार होती. एप्रिल २०२५ च्या सुधारित प्रतीत ते बदललं, जमिनीपासूनची उंची दहा मिलिमीटर वाढली आणि क्लच हलका झाला. अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्याला हलक्या क्लचचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. या बदलांनी दुरुस्तीची वाट अडवली नाही, म्हणून त्यांवर वादही झाला नाही.

खरा वाद आहे तो फ्युएल इंजेक्शनवर. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस ६’ लागू झालं आणि कार्ब्युरेटरची जागा जवळपास सर्वत्र सेन्सर आणि संगणकाने घेतली. २०२३ पासून गाडी स्वतःचे दोष अधिक बारकाईने नोंदवू लागली. प्रदूषणाच्या दृष्टीने हे आवश्यक होतं. इंजेक्शनची गाडी थंडीत पटकन चालू होते, अॅव्हरेज बरं देते आणि एकूण बंदही कमी पडते, हेही खरं. म्हणून ‘कार्ब्युरेटरच बरा होता’ हा सूर जसाच्या तसा मान्य करता येणार नाही. मात्र ज्या शहरात २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, जिथे अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात बंद होतो, तिथे ‘कमी वेळा बिघडणं’ आणि ‘बिघडल्यावर लवकर सुधारणं’ हे दोन वेगळे गुण आहेत. भिजलेला कार्ब्युरेटर खालचा स्क्रू काढून रिकामा करता येतो, प्लग पुसता येतो. इंजेक्शनच्या गाडीचा दोष वाचायला यंत्र लागतं, आणि ते यंत्र, त्याचं सॉफ्टवेअर आणि सुटे भाग बहुधा अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या ताब्यात असतात. मालकाची नाराजी इंजेक्शनवर दिसते, तिचं मूळ या मक्तेदारीत आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी संकेतस्थळ सुरू केलं. त्यात वाहनक्षेत्रही घेतलं गेलं, ते याच कारणाने.

शेवटचा आक्षेप सायलेन्सरचा. दुरुस्तीचं स्वातंत्र्य म्हणजे फोडलेला सायलेन्सर लावून मध्यरात्री कॉलनी जागवण्याचं स्वातंत्र्य का? अजिबात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. सायलेन्सर बदलणारा काही दुरुस्त करत नाही. तो आपल्या हौसेचा खर्च शेजाऱ्यांच्या कानांवर टाकतो. या प्रथेला जुन्या गाडीच्या प्रेमाचं नाव देऊन मूळ प्रश्न मात्र झाकला जातो.

भांडुपची लँब्रेटा, येझदीचा ऑइल पंप, बुलेटची किक आणि हंटरचा क्लच एका ओळीत ठेवले तर उपनगरांतल्या मालकाचा निर्णय सुसंगत दिसतो. त्याला जुनं रूप हवं असतं, पण त्यासाठी तो जुना त्रास सोसत नाही. त्याला नवं यंत्रही चालतं, फक्त त्याच्या चाव्या दुसऱ्याच्या खिशात जाऊ नयेत एवढीच त्याची अट असते. म्हणून पुढची सुधारणा चांगली की वाईट, हे ठरवताना कंपन्यांनी आणि सरकारने ताकद आणि अॅव्हरेज यांच्या आकड्यांबरोबर एक साधी गोष्ट तपासावी: मुलुंडच्या एखाद्या छोट्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला दोष वाचण्याचं यंत्र, सुटे भाग आणि प्रशिक्षण परवडेल अशा दरात मिळणार आहे की नाही. ते मिळालं तर इंजेक्शनवरचा राग बुलेटच्या डावीकडच्या गिअरवरच्या नाराजीसारखाच विरून जाईल. नाही मिळालं, तर कितीही सुंदर टाकी बसवली तरी ती गाडी मालकाच्या घरी उभी राहील आणि तिच्यावरचा हक्क कंपनीकडेच राहील.