तीर्थरूप ते टोपणनाव : संगणकावरच्या मराठीची हकीकत

साठ-सत्तरच्या दशकांत जे अमेरिकेत आले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून फिकट निळ्या एरोग्रॅमचा एखादा गठ्ठा असेल. सवडीने त्यातले एक पत्र उघडा आणि नुसता मायना वाचा. वडिलांना ‘तीर्थरूप’, काका-मामांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, वहिनीला ‘सौभाग्यवती’ आणि नवरा गेलेल्या आत्याला ‘गंगाभागीरथी’. मग ‘शिरसाष्टांग नमस्कार’ किंवा ‘अनेक आशीर्वाद’, पुढे ‘विनंती विशेष’ आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. मजकूर सुरू होण्याआधीच लिहिणारा कोण, वाचणारा कोण, थोरला कोण, धाकटा कोण, सारे ठरलेले असे. पाकिटावरचे ‘गं. भा.’ तर पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना त्या बाईचे वैधव्य सांगत सुटे. ते गेले ह्याचे कुणाला वाईट वाटायचे कारण नाही.

बाकीचा मायना मात्र कुणी ठरवून मोडला नाही. तो संगणकात शिरूच शकला नाही. संगणकाची अक्षरे ठरवणारा ‘ॲस्की’ नावाचा तक्ता साठच्या दशकात अमेरिकेत तयार झाला. त्यात जागा १२८. रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा, एवढ्यात तो भरून गेला. १९७१ साली रे टॉमलिन्सन ह्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले, तेव्हा माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव ह्यांच्यामध्ये त्याने ‘ॲट’चे चिन्ह घातले. झाले! माणसाचा पत्ता म्हणजे रोमन लिपीतले एक छोटे नाव आणि पुढे त्याच्या विद्यापीठाचे किंवा कंपनीचे नाव. श्री नाही, सौ. नाही, वडिलांचे नाव नाही.

मराठी माणूस ह्या दुनियेत शिरला तो पुण्या-मुंबईतून कमी आणि इथल्या विद्यापीठांतून अधिक. विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याआधी कितीतरी वर्षे अमेरिकेत एम. एस. करायला आलेली आपली मुले रात्री लॅबमध्ये बसून यूजनेटवर गप्पा ठोकत होती. नव्वदच्या दशकात तिथे मराठीसाठी ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ असा वेगळा कट्टाही झाला. वरणफळांची कृती, नाट्यगीतांच्या आठवणी आणि अर्थातच भांडणे, सगळे तिथे चाले; पण चाले रोमन अक्षरांत. केएएलए एवढी चार अक्षरे वाचून काळा, काला, कळा की कला, हे संदर्भावरून ताडायचे. ‘पाणी’ आणि ‘पानी’ ह्यांत तर फरकच उरला नाही. ज्या एका उच्चारावरून आपण माणसाचे गाव, शाळा आणि (खरे बोलायचे तर) जातसुद्धा ओळखायला धावतो, तो ‘ण’ रोमन लिपीने सपाट करून टाकला. हे मला नुकसान वाटत नाही.

ह्यावर तोड म्हणून १९९१ च्या सुमारास अविनाश चोपडे ह्यांनी ‘आयट्रान्स’ ही प्रणाली केली. मोठा ‘टी’ म्हणजे ट, मोठा ‘एन’ म्हणजे ण, मोठा ‘एल’ म्हणजे ळ, असे ठरवून रोमनमध्ये लिहायचे आणि आज्ञा दिली की देवनागरीत छापून निघायचे. अनेकांना तिची इतकी सवय झाली की ते साध्या पत्रातही मध्येच मोठी अक्षरे पेरू लागले.

तिकडे पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली होती. १९९१ साली भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे प्रमाण अधिकृत झाले, आणि त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिपींना एका तक्त्यात बसवणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ घरांची जागा होती. कागदावर प्रश्न सुटला! प्रत्यक्षात पुढची दहाएक वर्षे ज्याचा त्याचा फाँट वेगळा. वर्तमानपत्राचा फाँट आपल्या संगणकावर उतरवलेला नसला की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. एका मंडळाने टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मंडळाला वाचता येत नसे. म्हणून कागदावर छापून, झेरॉक्स काढून टपालाने पाठवणे हाच खात्रीचा मार्ग होता. विंडोज २००० आणि मग एक्सपी आल्यावर घरच्या संगणकांना युनिकोडची देवनागरी समजू लागली.

तरी दोन अक्षरांनी छळले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. हा अर्धा र हिंदीला लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागतो. दुसरे अक्षर ‘ॲ’. त्याला युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले २००८ साली. तोवर ॲटलांटा आणि ॲरिझोनावाल्यांनी आपल्या गावाचे नाव कधी हिंदी वळणाने, तर कधी अ वर चंद्र डकवून लिहिले. आपण राहतो त्या गावाचे नाव आपल्या लिपीत नीट लिहिता येऊ नये, ही गंमत परदेशस्थांनाच कळेल.

आता खरी मजा. १९९६ साली अमेरिकेतून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. पुढे २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’. इथे लोक खऱ्या नावाने येत तसे टोपणनावानेही येत. आपल्याला ते परके वाटले नाही. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, कुसुमाग्रज, ग्रेस ही सगळी धारण केलेलीच नावे. फरक इतकाच की कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे वाचकांना ठाऊक होते, आणि इथे समोरचा कोण हे ठाऊक नसे. न्यू जर्सीतला हृदयरोगतज्ज्ञ, मस्कतमधला हिशेबनीस आणि साताऱ्यातली कॉलेजकन्या एकाच पंगतीला.

इंग्रजीत असा मुखवटा घालणे सोपे. ‘आय वेंट’ म्हणणारा पुरुष की बाई, कळत नाही. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणावेच लागते, आणि पहिल्याच वाक्यात मुखवटा गळतो! ज्यांना लपायचे असे ते व्याकरणाच्या आडोशाने चालत. ‘मी वाचलं’, ‘मला वाटतं’, ‘मी जाईन’ ह्यांत लिंग दिसत नाही. ‘मी म्हणतो’ आले की संपले. (कोल्हापूरकडच्या मुली ‘मी येतो’ म्हणतात, तेव्हा त्यांची मात्र सोय होती.) दुसरी अडचण तू-तुम्हीची. वय माहीत नाही, नाते माहीत नाही, मग हाक कशी मारायची? बहुतेकांनी ‘तुम्ही’ने सुरुवात केली, ओळख मुरली की ‘अरे’वर आले, आणि एखाद्याच्या टोपणनावाला आदराने ‘काका’ किंवा थट्टेने ‘राव’ लावले. मायन्याचे काम असे मागच्या दाराने परत आले. शब्दही नवे घडले: भेटीगाठींच्या संमेलनाला मायबोलीवर ‘गटग’ म्हणू लागले, आणि एकमेकांची विचारपूस करण्याच्या जागेला ‘विपु’.

ह्याच काळात ऑर्कुट (२००४ ते २०१४) आणि फेसबुक आले. फेसबुकने खरे नाव मागितले, पण ते इंग्रजी घडणीचे, पुढचे आणि मागचे. आपले नाव तीन भागांचे. मधला बाप किंवा नवरा गळाला. बायकांचा पेच निराळाच. शाळेतल्या मैत्रिणींनी शोधावे तर माहेरचे आडनाव हवे, सासरच्यांनी शोधावे तर सासरचे. म्हणून दोन्ही आडनावे जोडून लिहिणे वाढले. आणि जिचे लग्नात पहिले नावसुद्धा बदलले होते तिने काय करावे? अशा कित्येक बायकांनी तीस-चाळीस वर्षांनी आपले माहेरचे नाव स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिले. मैत्रिणींना सापडावे एवढाच हेतू असेल, पण घरच्या लोकांना ते नाव पडद्यावर प्रथमच दिसले. संगणकाने आपल्या ओळखीत केलेल्या सगळ्या बदलांत मला हा सर्वांत मोठा वाटतो.

व्हॉट्सॲप निघाले २००९ साली, आणि काही वर्षांत सारे गणगोत एका गटात गोळा झाले. पत्र एकाला लिहायचे. इथे आजोबा, सून, भाचा आणि नातजावई एकदम वाचतात. मग कुणालाच न दुखवणारे तेवढे उरते: सुप्रभात, गणपतीचे चित्र, आणि पु. लं. च्या किंवा व. पुं. च्या नावावर खपवलेला, त्यांनी कधी न लिहिलेला मजकूर. पुढे ढकलण्याचा हा छंद इतका वाढला की २०१८ साली कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. खरे बोलणे घरोघरी वेगळ्या, लहान गटांत चालते, हे सर्वांना माहीत आहे.

आणि मुले? आजी फोनवर बोलून देवनागरी उमटवते, नात रोमनमध्ये उत्तर देते. फोनवर रोमन अक्षरे दाबली की देवनागरी शब्द आपोआप पुढे येतो, त्यामुळे मूल देवनागरीत ‘लिहू’ शकते, पण वाचू शकेलच असे नाही. ते सुचवलेल्या शब्दांतला पहिला उचलते आणि ‘दर्या’ की ‘दऱ्या’ ह्याची फिकीर करत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी पणजोबांचे मोडीतले कागद पडून आहेत. भाषा मराठीच, अक्षर सुरेख, आणि घरात एकालाही ते वाचता येत नाहीत. मोडी शाळेतून गेल्यावर हे व्हायला फार पिढ्या लागल्या नाहीत.

म्हणून आपल्या मराठी वर्गात आधी हाताने लिहिणे, मग इनस्क्रिप्ट कीबोर्ड (डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजने, रोमनची मध्यस्थी नाही) आणि सुचवणारा फोन सर्वांत शेवटी, असा क्रम असावा असे माझे मत आहे. काही पालकांना तो जुनाट वाटतो. त्यांनी जरूर वाद घालावा. मुलांना वाचायला हाताने लिहिलेला खरा मजकूर लागेल. ज्यांच्याकडे जुनी पत्रे आहेत त्यांनी त्यांतली दोन-चार, घरगुती गोष्टी वगळून, वर्गासाठी द्यावीत. झेरॉक्स काढून मूळ पत्र त्याच आठवड्यात परत मिळेल.