मुळशीच्या बुडालेल्या घरांच्या आत

मुळशी सत्याग्रह म्हटलं की सेनापती बापट आठवतात, १६ एप्रिल १९२१ची रामनवमी आठवते, आणि 'जान किंवा जमीन' ही घोषणा. टाटांच्या धरणात पन्नासच्या आसपास गावं जाणार होती, मुंबईला वीज हवी होती. हे तुम्ही ऐकलेलं आहे. मला आज त्या गावांतल्या घरांच्या आत जायचंय. कारण घोषणेत जमीन आहे, घर नाही.

मावळातलं साधं घर म्हणजे कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवत किंवा कौल. एका अंगाला गुरं, दुसऱ्या अंगाला चूल, मध्ये भाताची कणगी. इथला पाऊस दांडगा. चार महिने माणसं, गुरं, धान्य, सरपण सगळं एका छपराखाली. गुरांची ऊब आणि चुलीचा धूर, दोन्ही त्या घराला लागायचे. धुरानं वासे कोरडे राहायचे, कीड कमी लागायची. त्याच धुरानं बायकांचे डोळेही जायचे, तेव्हा फार गोडवे गाऊ नयेत.

आजकाल सांगतात, घरात माती, बांबू, चुना आणा, मन शांत राहतं. असेल. पण मला वाटतं, नुसत्या मातीनं हे होत नाही. भुई पुन्हा पुन्हा सारवावी लागते, पावसाळ्यानंतर कुड लिंपावा लागतो. सासूनं लिंपलेल्या भिंतीवर सून लिंपते. बाळंतपण त्याच कोपऱ्यात, देवही त्याच खांबापाशी. अंधारात उठलं तरी पाय बरोबर चुलीशी जातो. माणसाला धीर येतो तो या सवयीनं.

आता कायद्याकडे या. १८९४चा भूसंपादन कायदा. त्यात 'जमीन' शब्दाची व्याख्या होती, आणि जमिनीला जोडलेल्या वस्तूही त्या व्याख्येत येत. म्हणजे घर ही जमिनीला जोडलेली एक वस्तू! कायदा अगदीच निर्दय नव्हता बरं का. सक्तीनं घेतो म्हणून बाजारभावावर शेकडा १५ जास्त द्या, असं त्यात होतं. पण ते १५ टक्के कशावर? तर बाजारभावावर. शेणमातीच्या कुडाला बाजारात भाव काय येणार? जितकं घर गरीब, तितकी त्या सक्तीची भरपाई कमी.

खांब-वासे काढून दुसरीकडे नेता येतात, भुई कशी नेणार? या लढ्यात बायका पुढे होत्या, तुरुंगातही गेल्या. याला स्वराज्याच्या चळवळीचा प्रभाव म्हणता येईल. तो होताच. पण रोज जी भुई सारवायची तीच जाणार, हे कारण मला त्याहून जवळचं वाटतं.

यात आणखी एक गुंता आहे. बऱ्याच जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या नावावर होते, आणि त्यांना मोबदला चालणार होता. राहणारे एक, पैसे घेणारे दुसरे. ती हकीकत मोठी आहे, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.