शेवटी बसणारीचे ताट



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, आपल्या शहरापुरते म्हटले तर मलिक अंबरची नहर आणि बीबी का मकबरा, एवढेच मला ठाऊक. पण मला सांगायचा आहे तो एका आजाराचा इतिहास, आणि त्यात आपल्या स्वयंपाकघराचा वाटा मोठा आहे, म्हणून धीर केला.

गेल्या संक्रांतीला आपण हळदीकुंकवाबरोबर रक्तदाबाची तपासणी ठेवली होती. अंगाने भरलेल्या बायका निमूटपणे रांगेत उभ्या राहिल्या. आम्ही किडकिडीत बायका मात्र तिळगूळ खात बसलो. "आम्हाला काय होणार?" असे मीही हसत म्हटले. खरे पाहता मला तसे म्हणायला तोंड नव्हते. माझा थोरला भाऊ माझ्याहून बारीक. विडी नाही, तंबाखू नाही, दारूला तर कधी शिवला नाही. तरी पन्नाशी गाठण्याआधीच त्याला हृदयविकाराचा झटका आला. देवाच्या दयेने वाचला. तपासणीत रक्तात साखर निघाली. बारीक माणसाला मधुमेह होत नाही असे आम्ही धरूनच चाललो होतो, म्हणून कधी तपासलीच नव्हती. हे आठवले आणि मी हात पुढे केला. वरचा आकडा १५० निघाला. आता रोजची गोळी चालू आहे.

माझी धाकटी मुलगी नर्सिंग शिकते. हा आजार कशाने होतो हे माणसाला कळले तरी कधी, असा मी तिच्यामागे लकडा लावला. पुढचे बहुतेक तिने वाचून दाखविलेले आहे.

वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, त्यात काय मोठे, असे पूर्वी मोठमोठे डॉक्टरही मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६ वर १०८ भरला होता. त्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. पुढे १९४८ साली त्याच देशात फ्रेमिंगहॅम नावाच्या गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करीत राहण्याचे काम सुरू झाले. कोण आजारी पडतो आणि आधी त्याचे काय बिघडले होते, हे त्यातून हळूहळू उलगडले. रक्तदाब, रक्तातली चरबी, धूम्रपान, मधुमेह, बैठे जीवन अशी यादी तयार झाली. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही मोठी कारणे बहुतेक तीच निघाली, शिवाय पोटाचा घेर, मनावरचा ताण आणि फळे-भाज्या न खाणे. आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो आणि इतरांना जवळजवळ ५९व्या, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. (मशेरी लावणाऱ्या भगिनींनी, आम्ही कुठे विडी ओढतो, म्हणून सुटका मानू नये. तंबाखू तो तंबाखूच.)

पण आपल्याच लोकांना हे लवकर का? आणि माझ्या भावासारख्या काटकुळ्या माणसाला साखर कशी?

याचे थोडे उत्तर एका बाईच्या चोपड्यांत सापडले. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी असा नेम घालून दिला की, सुइणीने प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन लिहून ठेवावे आणि परिचारिकेने ते वर्षाचे झाल्यावर पुन्हा वजन करावे. त्या नोंदी वर्षानुवर्षे तशाच पडून होत्या. डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या काढून त्या बाळांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला. १९८९ साली त्यांनी जाहीर केले की, जन्मतः आणि वर्षाचे असताना वजनात सर्वांत कमी असलेल्या मुलांपैकी पुढे हृदयविकाराने मरणारे सर्वांत अधिक होते.

आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांना गरोदरपणाआधीपासून तपासले. तिथल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडातल्या बाळांचे ३.५ किलो. आणि नवल असे की, आपल्या बाळांचे स्नायू नि पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नाही. म्हणजे बाळ दिसायला हडकुळे आणि आतून चरबीचे. जन्मलेल्या घडीपासूनच साखरेकडे कल. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे मोठी होती. ज्या पाणी वाहून आणीत, शेतात राबत, त्यांची लहान.

हे ऐकले आणि मी आईकडे गेले. भाऊ १९७३ सालचा, म्हणजे दुष्काळात पोटात असलेला. त्या साली आपल्या मराठवाड्यातल्या किती बाया खडी फोडायला जात होत्या हे तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. आईही जायची. कामावर सुकडी मिळे. "ती खात होतीस ना?" मी विचारले.

"चिमूटभर तोंडात टाकायची. बाकीची घरी न्यायची. सासूबाई व्हत्या, धाकला दीर व्हता."

"आणि बाळाचे वजन?"

"कोन मोजतंय बाई! सुपात ठिवलं तर सूप रिकामं दिसायचं."

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली होती. गरोदरपणाच्या सुरुवातीला उपाशी राहिलेल्या तिथल्या आयांच्या मुलांना पुढे हृदयविकार अधिक झाला, असे धाकटीने वाचून दाखविले. भावाचा आजार दुष्काळामुळेच, असे मी म्हणत नाही. तीस वर्षे खुर्चीवर बसून काम, त्यात खारट-तेलकटाची आवड, हेही आहेच. आणि आईला तर दोष मुळीच नाही. तिच्या ताटात होतेच किती?

दुष्काळ सरला, पण शेवटी बसण्याची रीत राहिली. माझ्या घरी डब्यात दाणा आहे, भाजी आहे, दूध आहे. थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली आहे. परवा पुरुषमंडळी जेवायला बसली आणि ही ओट्याला टेकून उभी. बस म्हटले तर म्हणते, "त्यांचं होऊ दे, मग आपण बसू." हे तिला मीच शिकविले आहे आणि मला माझ्या आईने. मी तिचे ताट वाढले, तांदुळजाची भाजी दोनदा घातली, पेलाभर दूध ठेवले आणि यजमानांच्या शेजारी पाट मांडला. यजमान जरा सरकले. बोलले काही नाहीत.