वेरूळ परिसर आणि माध्यमिक शिक्षकाची पात्रता

वेरूळच्या पाचव्या लेण्यात समांतर कोरलेल्या दोन लांब, ठेंगण्या दगडी ओट्यांना काही अभ्यासक पाठांतराची बैठक मानतात, तर काही भोजनाची पंगत. मात्र आज ज्याला शिक्षक-प्रशिक्षण म्हणतात, म्हणजे पदवीनंतर अध्यापनशास्त्र शिकून माध्यमिक शाळेत शिकवण्याची पात्रता मिळवणे, त्याचा उगम त्या ओट्यांपर्यंत ओढत नेणे हा स्थानाभिमान झाला, इतिहास नव्हे. या परिसरात तो इतिहास विसाव्या शतकाचा आहे आणि त्याचा आरंभ राज्यकर्त्यांच्या भाषेपासून करावा लागतो.

खुलदाबाद तालुक्यातील हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, सरकारी माध्यमिक शिक्षणातही उर्दूचेच वर्चस्व होते, आणि मराठीला जागा होती ती मुख्यतः प्राथमिक वर्गांत. त्यामुळे मराठी घरातील तरुणाला सरकारी हायस्कुलात शिकवायचे तर विषयाआधी परकी भाषा आत्मसात करणे भाग होते. औरंगाबादला १९२३ पासून इंटरमिजिएट, म्हणजे पदवीपूर्व दोन वर्षांचे महाविद्यालय होते, पण पदवी आणि प्रशिक्षण यांसाठी मनमाड–काचीगुडा मीटरगेज गाडीने हैदराबाद गाठावे लागे. त्याच रुळांवरून उलट दिशेने मनमाडमार्गे मुंबईला जाता येई. तेथे १९०६ पासून माध्यमिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण महाविद्यालय चालू होते आणि पुढे बी.टी. ही अध्यापनातील पदवीही मिळू लागली होती. परंतु मराठीतून शिकवण्याची खरी संधी संस्थानात खासगी शाळांतच होती, आणि अशी शाळा काढायला सरकारी परवानगी लागे. औरंगाबादची सरस्वती भुवन आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या संस्था याच चौकटीत वाढल्या. निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक होते, हे लक्षात घेतले म्हणजे कोणाला शिक्षक होऊ द्यायचे हा प्रश्न संस्थानाच्या दृष्टीने निव्वळ शैक्षणिक नव्हता, असे मानण्यास जागा आहे.

संस्थान विलीन झाल्यावर पदवी आणि प्रशिक्षणासाठी कापावे लागणारे अंतर भराभर कमी झाले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. प्रशिक्षणासाठी अर्ज करण्याआधी पदवी हवी, आणि ती ज्यांच्या घरात कधीच नव्हती अशांना ती गावापासून तीस-एक किलोमीटरवर मिळू लागली, याचे मोल प्रशिक्षण महाविद्यालयांच्या स्थापनेपेक्षा उणे नाही. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, बी.टी.ची जागा बी.एड.ने घेतली. सराव पाठ, पाठटाचण आणि हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पूर्वतयारीपासून उपयोजनापर्यंत पाच पायऱ्यांत धडा बांधण्याची जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने रूढ झालेली रीत, हे छात्राध्यापकांच्या, म्हणजे प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या, पिढ्यांचे नित्यकर्म झाले. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीने ‘प्रशिक्षित पदवीधर’ ही पात्रता कायद्यात बांधली.

नंतर विनाअनुदानित महाविद्यालये वाढली आणि दर्जाचा प्रश्न न्यायालयात गेला. महाराष्ट्रातील डी.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि २०१५ पासून बी.एड. एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले. शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ, म्हणजे छात्रसेवाकाल, त्यामुळे वाढला हे योग्यच झाले. पण खेड्यातल्या कुटुंबावर आणखी एका वर्षाच्या शुल्काचा बोजा पडला, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

प्रवेश आता राज्याच्या सामाईक परीक्षेतून होतो. तीत बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता, म्हणजे या पेशाकडे असलेला कल, यांवर बहुपर्यायी प्रश्न असतात. वर्गासमोर उभे राहून बोलण्याची कसोटी तीत नाही. प्रवेश मिळाला की नोकरी जवळजवळ ठरली, ही जुनी समजूतही टिकलेली नाही: मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली, आणि ती उठल्यावर २०१७ पासून प्रशिक्षित पदवीधरालाही नेमणुकीसाठी स्वतंत्र अभियोग्यता चाचणी देऊन ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीवर शाळांचा पसंतिक्रम भरावा लागतो.