घण आणि घन

अमक्याचें घणाघाती भाषण झालें असें वृत्तपत्रांत आपण वरचेवर वाचतों. भाषण करणारानें सहसा जन्मांत घण उचललेला नसतो, आणि वाचणारानेंहि तो जवळून पाहिलेला नसतो. तरी शब्द दोघांनाहि कळतो. ज्या हत्यारावरून तो आला, त्याच्या नांवाविषयीं आज मी बोलणार आहें.

लोहाराजवळ ठोकण्याचीं मुख्य हत्यारें दोन. हातोडा खुद्द लोहाराच्या उजव्या हातांत असतो. घण त्याहून पुष्कळ जड, लांब दांड्याचा, दोन्ही हातांनीं डोक्यावरून आणून मारावयाचा. डाव्या हातांतील सांडशीनें लोहार तांबडें झालेलें लोखंड ऐरणीवर धरतो, हातोड्यानें हलकेच ठोका देऊन जागा दाखवितो, आणि समोरचा साथीदार नेमका तेथें घण घालतो. हातोडा सांगतो, घण करतो. आपल्याकडील फिरत्या घिसाडी कुटुंबांत घण पुष्कळदां घरची बाईच मारते. भर उन्हांत, पदर खोंचून, एक घाव चुकूं न देतां. घणाघाती वक्त्यांनीं हें एकदां अवश्य पाहावें.

आतां नांवाकडे वळूं. घण हें संस्कृत ‘घन’ शब्दाचें मराठी रूप. मूळ धातु हन्, म्हणजे मारणें. ऋग्वेदांत इंद्र शत्रूला घनानें मारतो. तेथें घन हें गदेसारखें शस्त्र आहे. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायांत याच धातूपासून ‘अयोघन’ व ‘द्रुघन’ हे शब्द सिद्ध केले. ज्यानें लोखंड ठोकतात तो अयोघन, ज्यानें लाकूड ठोकतात तो द्रुघन. आणि तेथेंच जवळ दुसरें एक सूत्र आहे. त्याप्रमाणें कठीणपणा, भरीवपणा असा अर्थ असतांहि हन् पासून घन हेंच रूप होतें.

मारणें आणि भरीव असणें यांचा संबंध काय? याचें उत्तर भट्टीवर मिळतें. जुन्या पद्धतीच्या भट्टींतून लोखंडाचा जो गोळा निघे, तो स्पंजासारखा सच्छिद्र आणि मळीनें भरलेला असे. तो तापवून घणाखालीं धरला कीं मळी पिळून बाहेर पडे, भोकें मिटत, गोळा घट्ट होई. ठोकलें तें घन झालें. हा दुवा पाणिनीनें सांगितलेला नाहीं, मी लावतों आहें. पण मला तो पटतो. पुढें हा घट्टपणा दूरवर पसरला. दाट मेघ तो घन. टाळ, झांजा हीं धातूचीं वाद्यें भरतानें घनवाद्यांत घातलीं. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें तीन समान संख्यांच्या गुणाकाराला आणि बारा कडांच्या आकृतीला घन म्हटलें. वर्गांत घनमूळ काढतांना मुलें डोकें खाजवितात, तें लोहाराच्या हत्याराच्या नांवापाशींच!

मराठींत दोन स्वरांमधील ‘न’ चा बहुधा ‘ण’ होतो. जन चा जण झाला, पानीय चें पाणी झालें, तसा घन चा घण. लोहारानें तो शब्द बोलत बोलत पिढ्यान्‌पिढ्या राखला. पंडितांनीं पोथींतून जसाच्या तसा उचलून पुन्हा मराठींत आणला. दोन्ही आपलेच. पण मी शिकवीत असतांना एका लोहाराच्या मुलानें निबंधांत ‘बाबा घण मारतात’ असें लिहिलें, तेव्हां तपासणाऱ्या एका गृहस्थांनीं त्यावर तांबडी रेघ ओढून ‘घन’ केलें आणि समासांत ‘शुद्ध लिहा’ असा शेरा मारला. मुलगा वर्गांत तो शब्द पुन्हा उच्चारीना. सतराव्या शतकांत तुकोबांनीं ऐरणीवर हिरा ठेवून त्याची परीक्षा सांगितली, तेथें शब्द घणच आहे. तो अभंग मीं त्या मुलाकडूनच वर्गापुढें वाचवून घेतला. वहींतील रेघ मात्र तशीच राहिली.

त्या गृहस्थांनीं आणखी एक गंमत पाहिली नाहीं. घण हन् पासून, आघातहि हन् पासून, आणि घाव हा घात या शब्दावरून आलेला, म्हणजे तोहि हन् चाच. घणाघात काय किंवा घणाचे घाव काय, शब्दच मुळीं शब्दावर आपटतो.

यंत्रयुगांत या नांवावर नवीन भार पडला. युरोपांत पाणचक्कीनें उचलले जाणारे मोठे घण पूर्वींपासून होते. त्यांत एक व्यंग होतें. ऐरणीवर लोखंड जितकें जाड, तितकी घणाला पडावयास जागा कमी. म्हणजे जेथें घाव जबर हवा तेथेंच तो दुबळा. ‘ग्रेट ब्रिटन’ नांवाच्या जहाजाच्या चाकांसाठीं प्रचंड दांडा घडवावयाचा प्रश्न आला, तेव्हां जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश यंत्रज्ञानें २४ नोव्हेंबर १८३९ रोजीं एक आकृती काढली. वर वाफेचें नळकांडें, त्याच्या दट्ट्याला टांगलेला घण, खालीं ऐरण. जहाजाला पुढें चाकांऐवजीं मळसूत्री पंखा बसविला गेला व तो दांडा लागलाच नाहीं. यंत्र प्रथम उभें राहिलें तें फ्रान्समध्यें, क्रूझो येथील कारखान्यांत. नॅस्मिथनें १८४२ सालीं तें तेथें पाहिलें आणि मग घाईघाईनें आपला हक्क नोंदविला. हा अवजड घण इतका कह्यांत असे कीं काचेच्या पेल्यांत ठेवलेलें अंडें, पेल्याला धक्का न लावतां, तो फोडून दाखवी.

अशा यंत्राला मराठींत ‘वाफेचा घण’ म्हणावें, ‘वाफेचा हातोडा’ म्हणूं नये, असें मला वाटतें. इंग्रजींत खिळा ठोकणारा आणि हा राक्षस या दोघांनाहि ‘हॅमर’ हें एकच नांव चालतें. आपली भाषा सांगणारा आणि करणारा यांत भेद करते. कारखान्यांतील आपला कामगार आज सर्रास ‘हॅमर’ म्हणतो. तोच सुटींत गांवीं जाऊन फाळ ठोकून घ्यावयास भट्टीवर बसतो, तेव्हां लोहाराला म्हणतो, “दादा, थोडे घण मीहि घालूं का?”