पान संपले, हे कसे सांगावे?

मोबाइलवरची यादी संपली तरी आपण बोट ओढत राहतो. पान थोडे पुढे सरकते, पलीकडची रिकामी जागा दिसते आणि बोट उचलताच ते रबरासारखे मागे येते. या गमतीलाही इतिहास आहे.

ॲपलमधील डच डिझायनर बास ऑर्डिंग टचस्क्रीनवर यादी सरकवण्याचे प्रयोग करत होते. टोकाशी यादी हलेना, तेव्हा यंत्र अडकले की मजकूर संपला, हेच कळेना. म्हणून त्यांनी पानाला किंचित ताण दिला. टॅब्लेटसाठी केलेले हे काम पाहून आपल्याला फोनची कल्पना सुचली, असे स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० मध्ये सांगितले होते.

डिसेंबर २००८ मध्ये ॲपलला पेटंट मिळाले. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेतील ज्युरीने सॅमसंगला एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितले. उल्लंघन झालेल्या पेटंटांत हेही होते. अनेक फेऱ्यांनंतर २०१८ मध्ये दोघांत तडजोड झाली.

शोधकाला श्रेय मिळावे, यात वाद नाही. पण ‘इथे संपले, तुझे बोट मात्र कळले’ असे वापरणाऱ्याला सांगणे ही कुणा एकाची मालमत्ता कशी होईल? २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ने पानच ताणून तेच सांगितले.

आज वेबपानाच्या प्रत्येक चौकटीला शोभेसाठी उसळी जोडणारे दिसतात. मला वाटते, त्यांनी ऑर्डिंग यांची अडचण आठवावी. जिथे काही सांगायचे नाही, तिथे उसळी नकोच.